माळावरचा अनोळखी पोशिंदा

पुण्याहून सोलापूरकडे निघालेला प्रवासी भिगवण मागे टाकून डाळजच्या शिवारात शिरतो, तेव्हा त्याच्या डाव्या हाताला उजनीच्या जलाशयाचा फुगवटा, त्या पाण्यावर पोसलेला ऊस आणि हिवाळ्याचे दिवस असल्यास रोहित पक्षी पाहण्यासाठी वळणाऱ्या मोटारी असतात. उजव्या हाताला मात्र, वस्ती आणि बागायत ओलांडून थोडे दक्षिणेस गेले की, ज्याच्यासाठी क्वचितच कोणी मोटार थांबवतो असे खडकाळ, कुसळी गवताचे माळरान लागते, आणि ते कालव्यांनी, उसाने व तारेच्या कुंपणांनी जागोजाग तुटलेले असले, तरी एकीकडे कडबनवाडीपर्यंत व दुसरीकडे शिर्सुफळावरून सुप्याच्या मयूरेश्वर अभयारण्यापर्यंत त्याचा माग काढता येतो. सरकारी दप्तरात डाळज नंबर एक, दोन आणि तीन अशी तीन गावे नांदतात; माळाला असे नंबर नाहीत. त्यावर धनगरांची मेंढरे चरतात आणि त्याच गवतावर, तीच कुसळे चुकवीत, चिंकारा चरतो. या दोहोंच्या, आणि विशेषेकरून दुसऱ्याच्या, जिवंत मांसावर वाढणाऱ्या माश्यांच्या अळ्या हा प्रस्तुत लेखनाचा विषय आहे.

विषय किळसवाणा आहे, हे आरंभीच कबूल करणे बरे. ‘जिभेला किडे पडोत’ हा शाप ज्या भाषेत तोंडातोंडी आहे, त्या भाषेच्या वाचकाला जखमेत पडलेल्या किड्यांची कल्पना नव्याने करून द्यावी लागत नाही. अडचण असते ती त्या किड्यांकडे शापाच्या दृष्टीने न पाहता शास्त्राच्या दृष्टीने पाहण्याची. वस्तुतः ही दृष्टी आपल्याकडे परकी नाही. मांसातील अळ्या मांस कुजून आपोआप होत नाहीत, माश्यांच्या अंड्यांतून होतात, हे इटलीत रेडीने १६६८ मध्ये प्रयोगाने दाखवले. परंतु माश्या व्रणावर बसून तेथे कृमी टाकतात आणि ते कृमी मांस खाऊ लागले म्हणजे दारुण सूज येते, हे निरीक्षण त्याच्या कितीतरी शतके आधी सुश्रुतसंहितेच्या चिकित्सास्थानात नमूद झालेले आहे. नाकात कृमी होऊन उद्भवणाऱ्या विकाराला उत्तर हिंदुस्थानात पीनस म्हणत, आणि गेल्या शतकापूर्वीच्या इंग्रज डॉक्टरांनी आपल्या कैफियतींत तोच शब्द उचलला. माणसाविषयी इतके लिहिले गेले, पाळीव जनावरांविषयी त्याहून पुष्कळ लिहिले गेले. रानातल्या हरणाविषयी मात्र, त्याला ना वैद्य ना मालक असल्यामुळे, फार थोडे.

जिवंत प्राण्याच्या शरीरावर अवलंबून राहणाऱ्या माश्यांत अवलंबनाच्या तऱ्हा भिन्न आहेत, आणि त्या नीट ओळखल्यावाचून पुढील विवेचन कळणार नाही. नाकात, घशात, जठरात किंवा कातडीखाली अळी वाढवणाऱ्या माश्यांचे एक स्वतंत्र कूळच आहे. त्यात सुमारे १५० जाती मोडतात. या कुळातील प्रौढ माशीला उपयोगी पडेल असे तोंडच नसते. अळी असताना जे खाल्ले, त्या शिदोरीवर तिचे उरलेले अल्प आयुष्य निभते. या जाती पोशिंद्याच्या बाबतीत विलक्षण चोखंदळ असतात. रेनडिअरच्या पाठीच्या कातडीखाली वाढणारी माशी रेनडिअरची, युरोपातील रो हरणाच्या घशात वाढणारी माशी रो हरणाची, आणि कस्तुरीमृगालाही त्याची स्वतःची कातडीखालची माशी आहे. १७३२ मध्ये लॅपलँडच्या प्रवासात लिनियसने रेनडिअरच्या या माशीची आणि तिच्या धास्तीने उधळणाऱ्या कळपांची नोंद केली, तेव्हापासून हरिणवर्गाच्या माश्यांचा अभ्यास मुख्यतः थंड मुलखांतच झाला.

त्या अभ्यासातला एक प्रकार मनोरंजक आहे, म्हणून सांगतो. हरणाच्या नाकाची माशी इतक्या चपळाईने येते की ती दिसतही नाही, असा अनुभव शिकारी नेहमी सांगत. अमेरिकेतील टाउनसेंड नावाच्या कीटकशास्त्रज्ञाने १९२७ मध्ये तिचा वेग ताशी ८१८ मैल, म्हणजे ध्वनीच्या वेगापेक्षा अधिक, असल्याचे छापून टाकले, आणि वर्तमानपत्रांनी ते वर्षानुवर्षे उगाळले. शेवटी नोबेल पारितोषिक मिळवलेले रसायनशास्त्रज्ञ अर्व्हिंग लँगम्युअर यांनी १९३८ मध्ये गणित मांडून दाखवले की, अशा वेगाने उडणारी माशी हवेच्या दाबाने चिरडून जाईल, आणि ती समोरच्याच्या अंगावर आदळली तर बंदुकीच्या गोळीसारखी आत शिरेल. खरा वेग ताशी २५ मैलांच्या आसपास असावा. विद्वानांच्या हातून असे होते, तर शिकाऱ्यांना हसण्याचे कारण नाही.

आपल्या माळावर या कुळाची प्रतिनिधी म्हणजे मेंढीच्या नाकातली माशी. ती अंडी घालीत नाही. अंडी तिच्या पोटातच फुटतात, आणि ती मेंढीच्या नाकपुडीजवळून उडता उडता सूक्ष्म अळ्यांचा शिडकावा करून जाते. मिलिमीटरभर लांबीच्या या अळ्या नाकातून वर कपाळाच्या पोकळ्यांपर्यंत चढतात, तेथे कित्येक आठवडे, कधी कित्येक महिने राहून बोटाच्या पेराएवढ्या होतात, आणि मग मेंढीच्या शिंकेबरोबर जमिनीवर पडून मातीत कोश करतात. ऐन उन्हात मेंढरे चरणे सोडून गोलाकार गर्दी करतात, माना खाली घालून एकमेकींच्या पोटाखाली तोंडे खुपसतात, हे प्रत्येक मेंढपाळाने पाहिलेले असते. ते सावलीसाठी जितके असते तितकेच या माशीपासून नाक वाचवण्यासाठीही असू शकते. चोखंदळपणाच्या नियमाला अपवादही याच माशीने केलेला आहे. मेंढीचे नाक समजून ती कधी मेंढपाळाच्या डोळ्यावर अळ्या टाकते. डोळ्यात काही खुपते, पाणी वाहते, लाली येते, आणि दवाखान्यात भिंगातून पाहिले तर बुबुळाच्या आसपास वळवळणारे पारदर्शक जीव दिसतात. भारतीय नेत्रवैद्यांच्या लेखनात अशी उदाहरणे वारंवार येतात. माणसाच्या डोळ्यात या अळ्यांची पुढची वाढ होत नाही. तो त्यांच्या दृष्टीने चुकलेला पत्ता असतो. आफ्रिकेत नेमके उलट दिसते: तेथील न्यू नावाच्या कुरंगवर्गीय प्राण्याची माशी शेजारी चरणाऱ्या मेंढ्यांच्या डोळ्यांवर अळ्या टाकते, न्यूला फारसे काही होत नाही आणि मेंढीचे डोळे मात्र बाहेर येतात. म्हणजे रान आणि कळप यांच्यातली वाट दुतर्फा आहे.

तथापि डाळज-कडबनवाडीच्या संदर्भात खरे महत्त्व या चोखंदळ माश्यांचे नाही. ते आहे अशा एका माशीचे, जिला पोशिंद्याची जात विचारण्याची गरज वाटत नाही, परंतु जिवंत मांसाखेरीज दुसरे काही जिच्या अळीला चालत नाही. दिसायला ती निळसर-हिरवी, चकचकीत, कसायाच्या दुकानाभोवती घोंगावणाऱ्या माश्यांसारखीच. म्हणूनच तिची ओळख फार काळ त्यांच्यात मिसळून गेली होती. कांगोतून आलेल्या नमुन्यांवरून व्हिलनव्ह या फ्रेंच संशोधकाने १९१४ मध्ये तिचे वर्णन केले आणि इटालियन कीटकशास्त्रज्ञ बेझी यांच्या नावावरून तिला क्रायसोमिया बेझियाना हे नाव दिले. हिंदुस्थानात इंडियन मेडिकल सर्व्हिसमधील मेजर पॅटन यांनी १९२०च्या सुमारास जखमांतून काढलेल्या अळ्या वाढवून सिद्ध केले की, माणसांच्या व गुरांच्या जखमांत पडणारे हे किडे कुजक्या मांसावरच्या सामान्य माशीचे नसून याच माशीचे असतात, आणि ती सडलेल्या प्रेतावर अंडी घालीतच नाही. हा भेद लहान वाटेल; पण त्यातूनच या विषयाचे सारे गांभीर्य उत्पन्न होते. प्रेतावरची माशी सृष्टीची झाडूवाली; ही माशी, जे अजून मेलेले नाही त्याच्यावर हक्क सांगणारी.

तिची कार्यपद्धती जवळून पाहण्यासारखी आहे. मादी जखमेच्या कडेला, ओल्या व कोरड्या कातडीच्या सीमेवर, दीडशे-दोनशे अंड्यांचा पांढरा थर कौलांच्या उतरंडीप्रमाणे एकास एक चिकटवून लावते. जखम मोठी असावी लागते असे नाही. गोचीड सुटून पडल्यावर राहिलेला रक्ताचा ठिपका, कातरणीची चाट, कुसळ घुसून झालेले छिद्र किंवा नवजात कोकराची ओली नाळ तिला पुरते. एका दिवसाच्या आत अंडी फुटतात आणि अळ्या डोके मांसात व शेपूट बाहेर ठेवून आत उतरू लागतात. श्वासाची छिद्रे शेपटीच्या टोकाला असल्याने त्या सगळ्या हारीने उभ्या राहतात, आणि जखमेत डोकावणाऱ्याला मांसाऐवजी काळसर ठिपक्यांचा एक हलता पृष्ठभाग दिसतो. स्पर्श झाला की तो आक्रसतो. जखमेला विशिष्ट गोडसर दुर्गंध येतो. त्याने आणखी माद्या येतात, आणखी अंडी पडतात, आणि जखम बाहेरून लहान राहून आतून पोखरली जाते. पाच ते सात दिवसांत पहिल्या तुकडीच्या अळ्या पूर्ण वाढून मातीत गळून पडतात व कोश करतात. उबदार, ओलसर हवेत आठवडाभरातच नवी माशी बाहेर येते. एरवी पाऊस अंग चोरणाऱ्या या टापूत पावसाळा व त्यामागून येणारे दिवस तिला विशेष मानवतात, आणि उजनीचे पाणी व कालव्याखालची बागायत यांनी ही ओल वर्षाचे आणखी काही महिने टिकवून धरली आहे, असा तर्क करण्यास जागा आहे.

मेंढपाळाला हे सर्व पुस्तकाशिवाय ठाऊक असते. कळपापासून मागे रेंगाळणारी, पाय आपटणारी, मान वळवून एकाच जागी चाटू पाहणारी मेंढी तो लांबून ओळखतो, तिला धरून लोकर बाजूला सारतो आणि वासावरूनच काय ते समजतो. टर्पेंटाइनचा बोळा जखमेवर धरला की हवा तुटल्याने अळ्या वर येतात. त्या चिमट्याने एकेक वेचायच्या, मग डांबरगोळीची पूड किंवा वाटलेला सीताफळाचा पाला भरायचा, आणि पुन्हा माशी बसू नये म्हणून दोन-चार दिवस लक्ष ठेवायचे, असा हा परंपरागत उपचार. आता त्याला आयव्हरमेक्टिनच्या इंजेक्शनाची जोड मिळाली आहे. अळी आत तुटून राहिली तर जखम चिघळते, हे वाड्यावरच्या पोरासोरांनाही सांगावे लागत नाही. या ज्ञानाला आपण अडाण्यांचे उपाय म्हणून बाजूस सारले. माझ्या मते जिल्ह्यातील पशुवैद्यकाचा हा सर्वांत कमी नोंदला गेलेला आणि सर्वांत जास्त वापरला गेलेला अध्याय आहे.

आता चिंकाऱ्याकडे वळू. तो काटेकोर अर्थाने मृगकुळातला नव्हे. चितळ-सांबरांची शिंगे वर्षाकाठी गळून नव्याने येतात, चिंकाऱ्याची शिंगे जन्मभराची असतात आणि वर्गीकरणात तो गाईगुरांच्या व शेळ्यामेंढ्यांच्या कुळात बसतो. पण माळावरच्या माणसाला तो हरीणच आहे, आणि येथे मी त्या माणसाचीच बाजू घेतो. शास्त्रीय दृष्ट्या त्याचा जन्म याच मुलखातला: मुंबई सरकारने दख्खनच्या पाहणीसाठी नेमलेले स्टॅटिस्टिकल रिपोर्टर कर्नल साइक्स यांनी लोकसंख्या, जमीनधारा, पिके यांचा तपशील गोळा करता करता प्राण्यांचीही यादी केली, आणि १८३१ मध्ये लंडनच्या झूऑलॉजिकल सोसायटीपुढे ठेवलेल्या दख्खनच्या सस्तन प्राण्यांच्या त्या यादीत, सोसायटीचे बेनेट यांच्या नावाने, चिंकाऱ्याचे पहिले शास्त्रीय वर्णन केले. माळावरच्या लांडग्यालाही त्याच यादीने शास्त्रीय नाव दिले. जमाबंदीच्या कागदांबरोबर हरीण आणि लांडगा दप्तरी दाखल व्हावेत, हा योग मला फार अर्थपूर्ण वाटतो. कारण पुढे गवताळ माळ सरकारी भाषेत ‘पडीक’ ठरला, आणि त्यावरचे प्राणी त्या शब्दाखाली झाकले गेले.

जेमतेम ६५ सेंटिमीटर उंचीचा हा प्राणी वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे, आणि त्याच्यासाठी १९९७ मध्ये सुप्याजवळ ५.१४ चौरस किलोमीटरचे मयूरेश्वर अभयारण्य झाले. चिंकारा या क्षेत्रात मावत नाही. तो शेतात, पडीत, रस्त्यावर सर्वत्र असतो आणि सर्वत्र जखमी होतो. मोकाट कुत्री त्याचा पाठलाग करतात, तारेच्या काट्यात त्याची मांडी फाटते, महामार्गावर वाहनाची धडक बसते, कठडा नसलेल्या विहिरीत तो पडतो. यांपैकी जे जागीच मरतात त्यांचा पंचनामा होतो. परंतु जो चिंकारा कुत्र्यांच्या तोंडून निसटला, ज्याच्या मागच्या पायावर चार दातांच्या खुणा उरल्या आणि जो उसाच्या फडात जाऊन बसला, त्याचे पुढे काय होते? वर वर्णिलेल्या माशीला मेंढीची जखम आणि चिंकाऱ्याची जखम यांत भेद करण्याचे काहीच कारण नाही. भेद आहे तो नंतरचा: मेंढीची लोकर बाजूला सारणारा हात आहे, चिंकाऱ्याची जखम चाटायला त्याची जीभ पोहोचली तर पोहोचली. आठवड्याने तो मेलेला आढळलाच, तर तोवर त्याच्यावर सामान्य माश्याही बसलेल्या असतात, कोणत्या अळ्या मृत्यूपूर्वीच्या आणि कोणत्या नंतरच्या हे सांगणे कठीण झालेले असते, आणि कागदावर कारण लिहिले जाते ते कुत्र्यांचे. ते खोटे नसते, अर्धे असते.

रानातल्या हरणांत ही पीडा किती दूर जाऊ शकते, याचे सुस्पष्ट उदाहरण आपल्याला परदेशातून घ्यावे लागते. अमेरिका खंडात या माशीची एक दूरची बहीण आहे. फ्रेंच आरमारातील शल्यवैद्य कॉकरेल यांनी १८५८ मध्ये गयानातील कैद्यांच्या वसाहतीत ती माणसांना कशी मारते यावरून तिला ‘मनुष्यभक्षक’ अशा अर्थाचे नाव दिले. टेक्सासच्या गुरांच्या व्यापाराचे तिने अतोनात नुकसान केले, आणि नवजात पाडसांच्या नाळेत शिरून तेथील पांढऱ्या शेपटीच्या हरणांचीही संख्या दाबून धरली होती, हे तिचे निर्मूलन झाल्यावर हरणे वेगाने वाढली तेव्हा ध्यानात आले. ते निर्मूलन निपलिंग आणि बुशलँड या दोन कीटकशास्त्रज्ञांच्या एका साध्या विचारावर उभे होते: मादी आयुष्यात एकदाच जुगते, तर कारखान्यात कोट्यवधी माश्या वाढवून, कोशावस्थेत किरणोत्साराने वांझ करून, विमानातून सोडाव्यात. १९५४ मध्ये क्युरासाव बेटावर हा प्रयोग यशस्वी झाला, आणि पुढच्या अर्धशतकात ही माशी अमेरिकेतून, मेक्सिकोतून, मध्य अमेरिकेतून हटत हटत पनामापर्यंत मागे रेटली गेली.

सगळे संपले असे वाटत असताना २०१६च्या शरदात फ्लोरिडाच्या दक्षिण टोकाच्या बेटांवर की हरीण नावाच्या बुटक्या उपजातीचे नर डोक्यावर आणि मानेवर उघड्या, वळवळत्या जखमा घेऊन वस्तीत फिरताना दिसू लागले. तो त्यांच्या झुंजीचा हंगाम होता. शिंगांनी झालेल्या जखमा माशीला आयत्या मिळाल्या. जगात हजाराहून कमी उरलेल्या या हरणांपैकी १३५ त्या काही महिन्यांत दगावली किंवा यातना संपवण्यासाठी मारावी लागली. शेवटी स्वयंसेवकांनी पावातून औषध चारले, सुमारे १८.८ कोटी वांझ माश्या सोडल्या गेल्या, आणि मार्च २०१७ मध्ये बेटे मुक्त झाल्याचे जाहीर झाले. मरणारी हरणे लोकांच्या अंगणात येत होती म्हणून ती दिसली, हे या हकीकतीतले सर्वांत महत्त्वाचे वाक्य. २०२३ पासून ही माशी पनामाची सरहद्द ओलांडून पुन्हा उत्तरेकडे सरकली आणि नोव्हेंबर २०२४ मध्ये मेक्सिकोत दाखल झाली. तेव्हा विजयाची भाषा जपूनच वापरलेली बरी.

या सर्वांवरून माझे मत असे झाले आहे की, ‘असामान्य पोशिंदा’ ही जी संज्ञा ग्रंथांतून आढळते, ती चोखंदळ माश्यांच्या बाबतीत खरी असली, तरी जखमेच्या माशीच्या बाबतीत ती प्राण्याविषयी काही सांगत नाही. ती आपल्या पाहणीविषयी सांगते. जो प्राणी दवाखान्यात आणला जातो तो सामान्य, जो आणला जात नाही तो असामान्य. माशीच्या हिशेबी माळावरची सर्व रक्ते एकाच खात्यात रुजू आहेत. त्यामुळे चिंकाऱ्याला या पीडेपासून वाचवण्याचा उपाय प्रयोगशाळेत शोधण्यापूर्वी कुंपणापाशी शोधावा लागेल. वांझ माश्यांचा कारखाना बेटाला आणि अरुंद संयोगभूमीला शोभतो. खंडप्राय देशात, जेथे ही माशी सर्वत्र रुळलेली आहे, तेथे तो नुसता मनोराज्याचा विषय. मोकाट कुत्र्यांचा बंदोबस्त, तारेऐवजी जिवंत काटेरी वई, विहिरींना कठडे आणि कळपातल्या जखमांचा वेळीच उपचार, कारण उपचार न झालेली प्रत्येक मेंढी ही माळावर शेकडो नव्या माश्या सोडते: ही कामे नीरस आहेत, त्यांना छायाचित्रही लाभत नाही, पण जखमच झाली नाही तर माशीला दार नाही.

पुढील प्रकरणांत मेंढी, शेळी, गुरे, कुत्रा आणि शेवटी चिंकारा या क्रमाने अळ्यांचे वर्णन, त्या ओळखण्याच्या खुणा आणि मेंढपाळांचे उपचार दिले आहेत. अळीच्या मागच्या टोकावरील श्वासछिद्रांच्या आकृत्या कंटाळवाण्या वाटल्या तरी वगळू नयेत. माशी कोणती, हे त्यांच्यावरूनच ठरते. ज्यांना नमुना ठेवायचा असेल त्यांनी अळी आधी उकळत्या पाण्यात क्षणभर बुडवून मग सत्तर टक्के अल्कोहोलात घालावी, आणि चिठ्ठीवर प्राणी, जखमेची जागा, गाव व तारीख पेन्सिलीने लिहावी. शाई अल्कोहोलात विरघळते.

एक विनंती. माळावर लंगडणारा, एकटा पडलेला किंवा अंगावर माश्या घोंगावत असलेला चिंकारा दिसल्यास त्याच्यामागे धावू नये आणि त्याला स्वतः पकडू नये. पकडले जाण्याच्या धसक्यानेच हा प्राणी मरू शकतो. कुत्री हाकलून लावावीत, जागा ध्यानात ठेवावी आणि वनविभागाच्या १९२६ या क्रमांकावर त्याच दिवशी कळवावे. अंडी फुटायला एक दिवसही लागत नाही.